शेपटीवाली क्रियापदं

ग्रिम्सबीच्या मासळी-कारखान्यात, दुपारपाळी सुटल्यावर,
कॅन्टीनच्या तीन टेबलांवर इंग्रजीचा वर्ग भरतो.
'वर्ग भरतो' हे मला थॉर्पबाईंना
काही केल्या सांगता आलं नव्हतं.
भरतो? त्यांनी विचारलं. कशाने?

आज फळ्यावर पॅक.
डानुटे म्हणते, हे काय शिकायचं,
अकरा वर्षं तेच करतेय:
खाली बर्फ, मधे हॅडॉक, वर बर्फ, झाकण.
पॅक म्हणजे माझा उजवा खांदा.
बाई म्हणतात, खरंय,
पण मागे शेपटी लावली की जनावर बदलतं.

पॅक ऑफ: कुणालातरी धाडून देणं,
त्याची इच्छा असो नसो.
ऑक्टावियान हे वहीत लिहीत नाही.
त्याची पोर बाकाऊला, सासूजवळ.

पॅक इन: सोडून देणं.
सिगरेट, नोकरी, नवरा.
तिन्ही एकदम चालतं का, डानुटे विचारते,
आणि बाईसुद्धा चष्मा काढून हसतात.

पॅक अप: गाशा गुंडाळणं.
शिवाय, यंत्राचं बंद पडणं.
हे सगळ्यांना येतं.
मंगळवारी बर्फाच्या यंत्राने तेच केलं होतं,
फोरमन कीथ पट्ट्याच्या कडेने ओरडत गेला,
पॅक्ड अप, पॅक्ड अप,
आणि चार टन मासा
आमच्याकडे डोळे न मिटता बघत राहिला.

पुढल्या गुरुवारी फिल.
फॉर्म फिल इन करायचा की फिल आउट?
आत भरायचा की बाहेर?
दोन्ही चालतं, बाई म्हणतात, कचेरीला फरक पडत नाही.
टाकी फिल अप.
विजेचा मीटर टॉप अप, कोपऱ्यावरच्या दुकानात
किल्ली नेऊन, दहा पौंडांनी.
फोन टॉप अप. अर्धा उरलेला चहा टॉप अप.
तिमोरचा जुवेनाल बोट वर करतो:
झोप टॉप अप?
बाई विचार करतात. चालेल, म्हणतात,
पण मिळते कुठे?

मग दोन गुरुवार वर्ग नाही.
नोटीस बोर्डावर एक ओळ, कुणाच्यातरी घाईच्या अक्षरात.

तिसऱ्या गुरुवारी बाई आल्या,
कोटाचं वरचं बटण खालच्या काजात.
खडू घेतला. लिहिलं काहीच नाही.
माझे मिस्टर, रॉय, म्हणाल्या, त्याचं हार्ट
आणि पुढे क्रियापद सापडेना.
चाळीस वर्षं शाळेत शब्द वाटलेली बाई
फळ्यासमोर उभी, हात रिकामा धरून.

डानुटे हळूच म्हणाली, पॅक्ड अप?

कुणी हललं नाही.
व्याकरण बरोबर होतं.
येस, बाई म्हणाल्या. येस, डानुटे. तसंच.
मग बसल्या, आणि सांगत राहिल्या,
त्याचे स्वेटर खोक्यात भरले, दान करायला,
रात्री काढले, सकाळी पुन्हा भरले.
तिसऱ्यांदा भरताना एकात
त्याच्या खोकल्याच्या गोळ्या सापडल्या, उघड्या पाकिटात,
आठातल्या पाच.
ह्याला काय म्हणतात, त्यांनी आम्हाला विचारलं,
खरोखरच विचारलं.

मला आमचं एकच भरणं आठवलं,
शेपटी नसलेलं, सगळीकडे राबणारं:
पाणी भरतं, दंड भरतं, कान भरतं,
जखम भरते, दिवस भरतात, डोळे.
पण ते इंग्रजीत कसं काढायचं
हे मला अजून शिकवलेलं नव्हतं.

डानुटेने खडू उचलला.
फळ्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: फिल इन फॉर.
म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहणं, ती म्हणाली,
आज मी. वह्या उघडा.
ऑक्टावियानने बाईंचा कप न विचारता काठोकाठ केला,
बशीत सांडेपर्यंत.
जुवेनालने वाक्य केलं, चुकलं, दुसरं केलं.
बाई खाली बघून म्हणाल्या, आर्टिकल राहिलं.

साडेदहाला कीथने दारातून डोकं घातलं,
किल्ल्यांचा जुडगा हातात:
पॅक अप कधी करताय? कुलूप लावायचंय.
पलीकडे बर्फाचं यंत्र
एकदा खाकरलं, आणि खडखडत सुरू झालं.

इतक्यात नाही, कीथ, बाई म्हणाल्या.
अजून बसलोय.