कारणाचा रकाना

फॉर्मवर तीन चौकोन होते:
ॲलर्जी, गरोदरपण, इतर.
त्रिशला मगदूमनं 'इतर'वर खूण केली
आणि पुढच्या रेघेवर, एवढंसं, पेन्सिलीनं लिहिलं:
मन घेत नाही.

शिक्का माझ्याकडे असतो.
चौतीस वर्षं राजारामपुरीतल्या या इमारतीत
मी रजा नाकारल्यात, बारशाच्या, जत्रेच्या,
एकदा तर तेराव्याचीही.
मनाचा अर्ज पहिल्यांदाच आला.

ती रुकडीची. एकोणीस वर्षं नवजात विभागात.
दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही.
रात्री दोनला आम्ही डबे उघडायचो,
तांबड्याचा वास पार लिफ्टपर्यंत,
तेवढा वेळ सगळ्या पेट्या ती एकटी बघायची.
पोटरीएवढ्या पोराची शीर
डोळे मिटून सापडायची तिला.

समितीत आम्ही तिघं.
डॉक्टर इंगवल्यांनी चष्मा काढला.
"अंड्यात वाढवतात म्हणून नको. बरं.
आणि सरफॅक्टंट? गाईच्या फुफ्फुसातलं?
ते किती पोरांच्या छातीत सोडायला उभी होतीस तू?"
"मोजलं न्हाई सर."
"मग?"
"ते त्यांच्यासाठी. ही माझ्यासाठी."

खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.
शिरगुप्पे बाटलीचं झाकण
उघडत होते, लावत होते.
मी म्हणाले, हळू म्हणाले असं मला वाटतं,
"त्रिशला, ही पण त्यांच्यासाठीच गं."

ती माझ्याकडे बघत राहिली.
पेटी नंबर चार. नऊशे दहा ग्रॅम. वडगावचं.
आई अजून वरच्या मजल्यावर, शुद्धीत नाही.
त्याला कुठं कुणी विचारलं होतं
तुझं मन काय घेतं म्हणून.

अंड्याशिवायची मिळेल का,
मी पुण्याला तीन फोन केले.
तिसरा हसला नाही, एवढंच.
"एका डोससाठी, बाई?"

"मग मला तिथनं काढा," ती म्हणाली.
"मी खाली जातो."
आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच,
जातो, करतो, येतो.
एरवी कानाला लागत नाही.
त्या दिवशी लागलं.

मंजूर लिहिलं नाही. नामंजूरही नाही.
बदली: धुलाई, तळमजला.
आणि त्याच आठवड्यात मी माझी लस घेतली.
दंड दोन दिवस जड होता.
घेणाऱ्याच्या फॉर्मवर
कारणाचा रकानाच नसतो,
हे तेव्हा लक्षात आलं.

जानेवारीत एका रात्री
नवी मुलगी, सायरा, तिसऱ्यांदा सुई टोचत होती.
डॉक्टर वाटेत, दसरा चौकात कुठली तरी मिरवणूक.
पोर रडायचं थांबलं होतं,
आणि ते आम्हाला नको असतं.
मी मान वर केली तर
काचेपलीकडे त्रिशला,
काखेत चादरींचा गठ्ठा, तोंडावर मास्क.
कुणी बोलावलं होतं, मला आजही ठाऊक नाही.
आत आली नाही. दारालाही हात लावला नाही.
काचेवर बोटं टेकवून ओरडली,
"डावा घोटा! आतल्या अंगाला!
टॉर्च खालनं धर, खालनं!"

सायरानं धरली.
एवढासा पाय आतून पेटल्यासारखा लाल झाला
आणि त्यात एक रेघ दिसली, दोऱ्यासारखी.
कॅन्युलात थेंब चढला.

मी वळले तोवर ती गेलेली.
काचेवर पाच बोटं उमटली होती,
धुलाईत हात कायम ओले असतात.
पुसून घ्यायला हवं, नियम आहे,
आणि नियमाचा तक्ता माझ्याच सहीचा.
मी कुणाला सांगितलं नाही.
सकाळी, पाळी संपल्यावर,
सगळे गेल्यावर,
स्पिरिटचा बोळा घेऊन मीच उभी राहिले.
करंगळीपासून सुरुवात केली.