उपसा

गुरुवारी सकाळी सर्जेकोटहून पहिल्या रिक्षेने येतात
दाजी खोबरेकर, पोट पुढे धरून,
जणू दुसऱ्या कुणाचं सामान, जपून पोचवायचंय.
मागे शालन. पिशवीत चादर, टॉवेल,
आणि माझ्यासाठी केळीच्या पानात मूठभर तिसऱ्या.
मी खात नाही हे तिला माहीत आहे.

सुई आत जाते.
बाटलीत पाणी उतरू लागतं, गवती चहाच्या रंगाचं.
दाजी पंख्याकडे बघत मोजतात:
एक कळशी, दीड कळशी.
"होडयेत पाणी इला तर उपसूचाच लागता, बाय.
पन भोक खंय आसा ता?"

यकृतात, मी म्हणते.
यकृत?
काळीज हो. खाटकाकडे मिळतं ते.
"माका वाटलां, काळीज हयसर,"
आणि हात छातीवर, डावीकडे.
आपल्या भाषेनेच घोटाळा करून ठेवलाय.
ज्याचा तुकडा म्हणतो, जे फाटतं म्हणतो,
ते उजवीकडे, बरगड्यांखाली, निमूट राबत असतं
आणि दुखत नाही.
हीच त्याची खोड.

पहिल्या भेटीत मी लिहिलं होतं: दारू?
प्रश्नचिन्ह नावापुरतं.
बंदरावरच्या माणसाचं पोट फुगलं की आम्ही असंच लिहितो.
वाडीनेही तेच लिहिलं होतं, कागदाशिवाय.
चाळीस वर्षं तांडेल, आणि सोड्याच्या बाटलीपलीकडे गेला नाही,
हे शालन दारात उभी राहून सांगत होती,
मला नाही, भिंतीला.
मग रक्ताचा रिपोर्ट आला. कावीळ बी.
जुनी. कधीतरी सुईतून शिरून
चाळीस-पन्नास वर्षं गुपचूप बसलेली.
मी तो शब्द खोडला. खाडाखोड दिसतेच.

लहानपणी कधी इंजेक्शन?
"तर! तुमच्या बापाशीन वाचवल्यान माका.
सायकलीवरसून येयत. स्टीलची डबी, काचेची सिरिंज,
आख्ख्या वाडयेक एकच.
न्यूमोनिया झाल्लो. धा दिस, रोज."
आणि पडल्या पडल्या हात जोडतात, खिडकीच्या दिशेने.
बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली.

डबी घरी आहे. मी तिच्यात बटणं ठेवते.
बाबा उकळायचे ती, स्टोव्हवर. वाफ आठवते.
साथीतही उकळायचे का,
दारात तीसजण आणि रॉकेल संपत आलेलं असताना?
न्हाव्याचा वस्तराही असेल. जत्रेतलं गोंदण असेल,
दाजींच्या मनगटावर आहेच, बदामात एक मासा.
कोण सांगणार.
दिवसभर मी लोकांच्या पोटात दुर्बीण घालते,
वळणावळणाने, कुणी काय गिळलंय ते दिसतं.
हे माझं कुठे अडकलंय, दिसत नाही.
दाजींना मी काही बोलले नाही.

पाच लिटर. नळी काढते, चिकटपट्टी लावते.
"पाणी खारा आसा काय?"
आहे. समुद्राच्या चौथ्या हिश्श्याइतकं.
"मगे दर्याच तो," दाजी म्हणतात,
पोरगा घरी आल्यासारखे खूश.

मीठ बंद, मी नेहमीसारखं सांगते. लोणचं, पापड, सुकं.
शालन बोटांवर हिशेब करते.
"खारो बांगडो नाय. सुकट नाय.
मगे पेजेवांगडा काय दिवचां?"
मी पेन उघडून बसते.

टेबलावर पानात तिसऱ्या
जराशा उघडून पाणी सोडतायत,
दाजींच्या केसपेपरपर्यंत आलंय.