छावणीतली शिकवणी

आठ रुपये महिना, पावसाळ्यात टांग्याचं भाडं वेगळं.
एवढ्यावर मी एल्स्पेथ मॅक्रे या बाईला
मराठी शिकवायला जात असे,
इंदूरच्या छावणीत, मिशनच्या दवाखान्यामागे.
दोन खोल्या, एक मच्छरदाणी,
भिंतीवर बर्फात रुतलेल्या होडीचं चित्र.
वय तेवीस. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

'ळ' तिला कधीच आला नाही.
बाळ म्हणायला जायची, बाल व्हायचं.
कळ म्हणायची, कल.
दवाखान्यातल्या बायका पोट धरून हसायच्या,
जिचं खरंच पोट दुखत असे तीसुद्धा.

उठायची चारला.
गुडघे टेकून किती वेळ असे, मला माहीत नाही;
मी सातला पोचे तेव्हा चटईवर दोन खळगे दिसत
आणि ती स्टोव्हला पिन मारत काहीतरी पुटपुटत असे.
एकदा विचारलं, ही प्रार्थना का?
म्हणाली, नाही, स्टोव्हला शिव्या.
मग जरा लाजून,
थोडी प्रार्थनापण.

आईला माझं हे काम पसंत नव्हतं.
परतलो की अंगणातच घागर घेऊन उभी.
डोक्यावर पाणी ओतता ओतता विचारायची,
"काय खाते रे ती?"
पोहे. वरून शेव. लिंबू फार पिळते.
"आणि तिची आई?"
समुद्राकाठी असते. पत्राला सात आठवडे लागतात.
यावर आई काही बोलत नसे.
उरलेलं पाणी जास्वंदीला घालून आत जाई.

एका गुरुवारी आम्ही सर्वनामांपाशी आलो.
मी, तू, तो. मग आम्ही. मग आपण.
इथे ती अडली.
त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द.
मी पाटीवर दोन वर्तुळं काढली.
हे 'आम्ही'. ऐकणारा बाहेर.
हे 'आपण'. ऐकणारा आत.

"म्हणजे मी वस्तीत जाऊन 'आम्ही पापी' म्हटलं
तर त्या बायका सुटल्या?"
सुटल्या.
"आणि 'आपण पापी' म्हटलं तर?"
तर चप्पल येईल.
खूप हसली. मग हसता हसता थांबली.
"आणि देवाशी बोलताना?
तो वर्तुळात, की बाहेर?"

बाई, मी व्याकरणाचा मास्तर.
आठ रुपयांत एवढंच येतं.

त्या रात्री तिच्या खोलीत दिवा फार वेळ होता,
चौकीदार इमामबक्ष सांगत होता.
दुसऱ्या दिवशी वहीत पानभर 'आपण', 'आपण',
शाळकरी मुलीनं गिरवावं तसं,
शेवटच्या ओळीवर शाईचा डाग.

भाद्रपदात तापाची साथ आली.
शिकवणी बंद. मी गेलो ते थकलेला पगार मागायला.
व्हरांड्यात गिरणीतल्या म्हादूची बायको, राही.
मांडीवर मूल, डोक्यावरून चादर ओढलेलं.
शेजारी जमिनीवर एल्सबाई,
हातांना फिनेलचा वास, पायात एकच मोजा.
राही रडत नव्हती. एवढंच म्हणाली,
"रातभर देवाला काय सांगत होता, बाई?"

एल्सबाईचे ओठ हलले.
तिची स्वतःची भाषाही आली नसावी त्या वेळी.
मग म्हणाली,
"आपलं बाल गेलं."

कोणी हसलं नाही.

आता, 'आपलं' म्हणजे आदरानं 'तुमचं'ही होतं.
हे मी तिला शिकवलं होतं का, आठवत नाही.
तिला कुठलं म्हणायचं होतं,
राहीनं कुठलं ऐकलं?
चूक असली तर मास्तरनं सुधारायची.
मी पायरीवर उभा, जोडे हातात.
राहीनं मान तिच्या खांद्यावर टेकली
तेव्हा खाली बघू लागलो.

पगार तसाच राहिला.
घरी आई घागर घेऊन उभी.
म्हटलं, आज नको.
तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ,
मग घागर तिथंच ठेवली
आणि आत पानं घ्यायला गेली.