एकतीसवा प्रश्न

पेपर सुटला तशी
फाट्यावरच्या पानठेल्याच्या सावलीत
आम्ही उत्तरं जुळवाले बसलो.

एकतीसवा?
भूषणचं ब. खुशालचं ब.
दामिनी आधी गप्प, मग तिचंही ब.
माह्यं क.

भूषणचे बाबा गणिताचे सर.
"तुह्यं क कसं आलं व?"
मी म्हटलं, चुकलं असन,
अन् चपलेनं धूळ सारखी करत राहिली
बस येईपर्यंत.

रात्री माय पेटीत संत्रे रचत होती.
त्यातले आठ घेतले, आठ मजूर,
ओळीनं मांडले.
चौथ्या दिवशी दोघं काम सोडून गेले,
त्यायले बाजूले केलं.
उरलेल्यायचे दिवस मोजले.

क.

पुन्हा मांडले.
क.

मायले काही सांगतलं नाही.
पळालेले दोन मजूर
आम्ही दोघींनी सोलून खाल्ले.