चौथा कोपरा

केशवनगरच्या पुढं, नदीनं जलपर्णीची गोधडी ओढून घेतलीय तिथं
बावीस मजल्यांच्या सांगाड्याखाली
पत्र्याच्या चाळीस खोल्या.
एकोणतीस नंबरला रुमली पावरा,
धडगावकडची, पाचवा महिना.
माझ्या वहीत तिची एक ओळ आहे.
वजन : एक्केचाळीस.
रक्त : आठ पॉइंट दोन.
मच्छरदाणी : दिली. पुढं निळा अंगठा.

लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आरशासारखं.
नदीपाशी लोक नाक दाबतात,
या नितळ पाण्याला कुणी नावं ठेवत नाही.
मी पळी बुडवते, उजेडात धरते.
शेवयांचा चुरा सांडावा तशा
पाण्याला पाठ लावून आडव्या निजलेल्या अळ्या.

मुकादम म्हणतो, ताई, पाणी काढायचं नाही,
स्लॅबला सात दिवस लागतं, नाहीतर तडा जातो.
डासालाही तेवढेच लागतात दादा,
एक-दोन दिवस इकडं-तिकडं.
तो हसतो. मग हसायचा थांबतो.
गुरुवारी कोरडे नळ पुण्याला काय नवीन आहेत?
त्याच दिवशी तुमची पिंपं पालथी घाला,
स्लॅबवर तळं नको, ओली पोती टाका,
आणि हा खड्डा उपसा.
बघतो, म्हणतो. बघतो म्हणजे काय ते मला माहीत आहे.
गुरुवारी मीच येऊन उभी राहणार.

रुमलीला परवा थंडी वाजून ताप आला होता.
बोट टोचलं, थेंब पट्टीवर सोडला.
पंधरा मिनिटं आम्ही दोघी पट्टीकडे बघत बसलो,
चुलीवरच्या दुधाकडे बघतात तशा.
एकच रेघ उठली.
तिचा चेहरा पडला. "मागं दोन आल्या तर तू हसली होतीस."
ती पट्टी वेगळी गं. इथं एकच चांगली.

मग तिला वारेचं सांगितलं.
हिवताप कधी कधी अंगातून उतरल्यासारखा वाटतो
आणि वारेत दबा धरून बसतो,
बाळाचा घास जातो त्या दारातच.
आई उठून कामाला लागते,
आत कुणीतरी अर्धपोटी वाढत राहतं.
ससूनच्या काचेच्या पेटीत पाहिलीत मी तशी.
त्यांच्या पायाला बांधलेला नावाचा पट्टाही सैल होतो.

मच्छरदाणी कुठंय?
ती गाठोडं सोडते.
दोन लुगडी, एक चांदीचा वाळा,
तळाशी कोऱ्या प्लास्टिकात, घडी न मोडलेली.
"बाळासाठी ठेवलीय. आलं की लावीन."

छापील कागदावरचं सगळं घशातच राहिलं.
आलंय गं ते, म्हटलं. पाच महिने झाले.
रोज रात्री इथंच झोपतं,
तुझ्या कातडीच्या आत, उघडं.

ती बराच वेळ पोटाकडे बघत राहिली.
मग दातांनी प्लास्टिक फाडलं.

एक कोपरा सळईला, बाइंडिंगच्या तारेनं.
दुसरा पत्र्याच्या भोकात.
तिसरा दाराच्या बिजागरीला.
चौथ्यापाशी तार संपली.
मी गळ्यातली ओळखपत्राची फीत काढली,
कार्डासकट आवळली.

गुरुवारी गेटवर नवा वॉचमन.
कार्ड दाखवा, म्हणाला.
एकोणतीस नंबरला ड्युटीवर आहे, म्हटलं,
आणि वही काखेत मारून
सरळ खड्ड्याकडे गेले.