फुली

नरसिंगनं फोनवर बंदरांची नावं सांगितली,
मी ती कालनिर्णयच्या मागे उतरवून घेतली,
सांतोस, साल्वादोर, रेसिफे,
शुद्धलेखन देवाला माहीत.
बारा दिवस जहाज. बाल्कनीची खोली.
“आणि आई, एक पिवळं पुस्तक लागेल,
पिवळ्या तापाची लस घेतल्याचं, शिक्का मारलेलं.
नाहीतर चढूच देणार नाहीत.”

मला सांगतो, लस!

चौतीस वर्षं दाजी पेठेच्या दवाखान्यात
मी दुसरं काय केलं?
मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं
आणि खांद्यावरच्या पेटीत दोन ते आठ अंश.
मागांच्या खडखडाटात बाळाचं रडणं
ऐकूच यायचं नाही,
नुसतं उघडलेलं तोंड दिसायचं.
टॉवेलाच्या गठ्ठ्यावर निजवून टोचलीत मी पोरं.
पोलिओच्या रविवारनंतर गल्लीगल्ली, खडू घेऊन:
घरातली सगळी झाली तर दारावर पी.
एखादं राहिलं तर फुली.

पिवळी लस सोलापुरात कुठेच मिळेना.
पहाटेची हुतात्मा धरून पुणं गाठलं.
डॉक्टर पोरगेलासा, मिशी नुकती ठरत आलेली.
वय विचारलं. अडुसष्ट, म्हटलं.
त्यानं सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.
“साठीनंतर ही कधी कधी उलटते, आजी. सूटपत्र देतो.”
टोचा हो, मला सवय आहे.
“टोचायची आहे,” तो म्हणाला, “टोचून घ्यायची नाही.”
बोलला ते खरं होतं म्हणून गप्प बसले.

माझ्या डाव्या दंडावर देवीचे दोन वण आहेत,
चिंचोक्याएवढे.
तो रोग जगातून गेला, वण माझ्याकडे राहिले.
पूर्वी बाही वर केली की काम भागायचं.
आजेसासरे तेलंगणातून मागाच्या कामाला आले
ते प्लेगच्या साली,
वाडी स्टेशनावर गोऱ्या डॉक्टरनं काखेत हात घालून पाहिलं,
गाठ नाही, जा.
एवढीच त्यांची कागदपत्रं. एक काख.

जहाज कंपनीचं उत्तर आलं: सूटपत्र चालेल.
बंदरांचंही, एकेक करून, चालेल.
मी जाऊन शेंगा आणल्या, चटणी कुटायला घेतली.
मग नरसिंगचा पुन्हा फोन, आवाज जरा खाली.
“तिकडे काही अडचण नाही गं.
येताना आहे.
लस नसेल तर मुंबईत उतरल्यावर
सहा दिवस वेगळं ठेवू शकतात.”

वरवंटा हातात तसाच राहिला.
म्हणजे परक्यांची दारं उघडी
आणि माझ्या दारात मीच संशयित.
रागावणार होते.
मग आठवलं, अक्कलकोट रोडच्या झोपड्यांत
एका बापानं माझ्या तोंडावर दार लावलं होतं
तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं,
बाबा, तुझ्या एकट्याचं दार नाही हे.
बाहेर उभ्या असलेल्या डासाला कुणाचं आडनाव कळतं?

सहा दिवस. बरं.
बाळंतिणीनं दहा काढले, मी सहा काढीन.

जायच्या सकाळी पाणी बंद केलं, सिलेंडर बंद केला,
कुलूप ओढून पाहिलं.
शेजारचा श्रीपाद शाळेला निघाला होता,
त्याच्या दप्तरातून खडू मागून घेतला
आणि माझ्याच दारावर फुली मारली.
“अक्का, हे काय?”
त्याला काय सांगणार. नव्या मुलींनाही
पहिल्या दिवशी मी हेच शिकवायची:
फुली म्हणजे नकार नाही.
फुली म्हणजे या घरी परत यायचंय.

टॉवेल घेऊ नको, नरसिंग म्हणाला होता,
जहाजावर ढीगभर असतात.
घेतला मी. हा आपल्याच गल्लीतला आहे.
तिथला निघाला तरी
किनार काढून बघितल्याशिवाय कसं कळणार.