पांढऱ्या घोडीवर संपलेला खेळ

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराला लागून आमचा तंबू.
पडद्यापुढे बसायला एक आणा, मागे बसायला अर्धा.
मागून चित्र उलटं दिसतं, एवढंच.
छत्री या हातातून त्या हातात जाते,
पडणारा माणूस पडतोच.

मी कार्बाइडचा दिवा धरायचो. वय नऊ.
पगार : कळण्याची भाकरी, वर मालकाची मर्जी असेल ते.

चित्र मुकं. दोन साहेब, एक बाई.
एक साहेब पीप, दुसरा तुराटी.
तुराटी खिडकीला शिडी लावते,
पीप शिडी काढून घेतं.
तुराटी लोंबकळते, तिचा पाय बादलीला लागतो,
चुना पिपावर.
मग पोलीस येतो. उरलेला चुना त्याला.

बाईला छत्री होती, नाव नव्हतं.
ते मोतनने दिलं.
पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहायचा मोतन
आणि साहेबांना अहिराणी बोलायला लावायचा.
पहिल्या रात्री ती मेरी होती.
तिसऱ्या रात्री दुरपता.

खरी दुरपता पडद्यामागे,
भरताचं पातेलं मांडीशी घेऊन.

मोतन अंगाने भरलेला, म्हणून तो पिपाच्या बाजूचा.
“दुरपता, मी तुनासाठे हीरमा उडी मारसू,”
पीप म्हणायचं,
तोंडात तर चुना.

मशीनवर सुपडू. बोलताना अडायचा,
म्हणून बोलतच नसे. हँडल होतं ना हातात.
चौथ्या रात्री पीप बाईच्या बोटांपर्यंत पोचलं
आणि सुपडूने हँडल उलटं फिरवलं.
पीप पाठमोरं चालत दाराबाहेर गेलं,
चुना अंगावरून उडून बादलीत परतला,
पोलीस धुतल्यासारखा स्वच्छ.
मोतन क्षणभर गप्प. मग पिपाच्या आवाजात :
“टोपी घर इसरनू!”

लोक खूश.
साहेब लोकांचं प्रेम असंच असणार,
दोन पावलं पुढे, चार मागे.
दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा आले,
आज किती वेळा मागे जातो ते मोजायला.

सातव्या रात्री मोतन काठी घेऊन मशीनपाशीच आला.
“फि-फिरव,” सुपडू मला म्हणाला, आणि बाह्या सारल्या.

उजेडाच्या पट्ट्यात दोघं भिडले.
पडद्यावर त्यांच्या सावल्या, साहेबांपेक्षा थोराड.
कुणी शिट्टी मारली, कुणी ढब्बू पैसा फेकला.
एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं,
हे नवं रीळ कधी आलं?
मग बांबू गेला, दोर गेला,
पडदा अंगावर घेऊन दोघं पलीकडे कोसळले,
नेमके भरतात.
कापडातून तोंडं बाहेर आली तेव्हा
कुठलं कुणाचं, ते मिरच्यांनाच ठाऊक.

रीळ चालूच होतं.
उजेडाला आता अडवायला कापड नव्हतं.
तो बायकांच्या डोक्यांवरून बाजारात गेला
आणि एका पांढऱ्या घोडीच्या कुशीवर लागला.
तिच्यावर मावले फक्त दोन हात,
तुराटीचा, बाईचा.
माशी बसावी तशी घोडीने कातडी थरथरवली,
हातांना हात लागले.
मग मालकाने लगाम ओढला,
ती तापीकडे चालू लागली
आणि ते हात कुठेच पडले नाहीत.

मी हँडल फिरवत राहिलो.
थांब, असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुरपताने कंदील उचलून पातेल्यात पाहिलं.
या दोघांकडे नाही.
“भरीतना पैसा कोन देई?”

पुढल्या साली तंबू आला नाही. मी आलो, बापाबरोबर, बैल विकायला.
दुरपताच्या चुलीशी दोघं एकमेकांकडे पाठ करून
भाजलेली वांगी सोलत होते,
बोटं कोळशासारखी काळी.
फिटलं का? मी विचारलं.
सुपडूने मान हलवली.
मोतन म्हणाला, हळूच, तिला ऐकू जाणार नाही असं,
“मिरच्यासनं बाकी शे.”